खंडेनवमीची चिमूटभर हळद

दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर संशोधनाचा विषय बदलायचा, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं होतं. मी प्रयोगशाळेत बनवलेली भुकटी म्हणजे अतिसूक्ष्म भोकांची चाळणच. जांभळ्या दिव्याखाली ती निळी चमकते. पाण्यातला एखादा पदार्थ त्या भोकांत शिरला, तर चमकण्याची ऊर्जा त्याच्याकडे जावी आणि रंग बदलावा, म्हणजे पाण्यात काय मिसळलंय ते कळेल, एवढीच माझी अपेक्षा. काय काय घालून पाहिलं, पण भुकटी निळी ती निळीच. हट्टी, अगदी माझ्यासारखी.

नवमीला सगळं कोलकाता मंडपांत होतं. मी प्रयोगशाळेत निघाले, तर बाबा हळदकुंकवाची कोयरी घेऊन मागे हजर. त्यांचा जन्म इथलाच, मास्तरकीही इथेच केली, पण खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकवायची नाही. एरवी विळी आणि शिवणयंत्रावर भागायचं. यंदा त्यांना माझ्या दिव्याची पूजा करायची होती. मी नको नको म्हणत होते. "अगं, लांबूनच वाहतो," असं म्हणेपर्यंत चिमूटभर हळद नेमकी उघड्या बाटलीत पडली.

मी भडकले. भुकटी कालवलेल्या पाण्याचा तो शेवटचा चांगला नमुना होता. बाबा गोरेमोरे झाले. किती वाटोळं झालंय ते तरी बघू, म्हणून मी रागारागाने दिवा लावला.

निळा उजेड गायब. बाटली हिरवट पिवळी झळकत होती.

पण नुसती हळदच चमकत असली तर? मी साध्या पाण्याची बाटली भरली आणि मघाशी ओरडलेल्या तोंडानेच म्हणाले, "बाबा, अजून चिमूटभर द्या."

त्यांनी भीत भीत दिली. साध्या पाण्यात हळद मळकट, मंदच दिसली. म्हणजे भुकटीनेच आपला उजेड हळदीला देऊन टाकला होता! आनंदाने मी त्या रिकाम्या प्रयोगशाळेत चक्क नाचले.

बाईंना फोन लावला. त्या बागबाजारच्या मंडपात होत्या. ढाक म्हणजे तिथल्या मोठ्या ढोलांच्या गजरात मला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. अजून पुष्कळ तपासावं लागेल, त्या म्हणाल्या, पण विषय हाच ठेवू.

वळून पाहिलं तर बाबा कोयरी घट्ट मिटून दाराबाहेर उभे होते, पुन्हा काही सांडायला नको म्हणून. मी त्यांना हाताला धरून आत आणलं आणि दिव्याला हळदकुंकू त्यांच्याच हातून वाहून घेतलं.