शुगर लँडला आलेले ज्योतिषीबुवा

दोन हजार चार साली टेक्सासमधल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी मंडळाने एका जुन्या इंग्रजी विनोदी नाटकाचं मराठी रूपांतर बसवायला घेतलं. त्यातला विदूषक साधूचा वेश घेऊन आपल्याच धन्याला बनवतो. तालमीला पुरुष मिळेनात, म्हणून विदूषक माझ्या गळ्यात पडला. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही म्हणून घरी बसलेली, वेळच वेळ होता.

दिग्दर्शक एक निवृत्त हार्ट स्पेशालिस्ट काका. नाटकावर त्यांचं अफाट प्रेम, आणि बोलणं त्याहून अफाट. माझं वाक्य कधी पुरं होऊ द्यायचे नाहीत.

"अगं, साधू वाटतच नाहीस तू! दाढी लावून इंटरव्ह्यूला आल्यासारखी उभी राहतेस. प्रेक्षक काय आंधळे आहेत?"

हे मला फार लागलं. काकूंना फोन करून रडगाणं गायले, तर त्या म्हणाल्या, "शनिवारी दुपारी आमच्याकडे वेश करूनच ये. नागपूरचे ज्योतिषी येणार आहेत, असं ह्यांना सांगून ठेवते."

धोतर, काळा कोट, टोपी, गोंदाने चिकटवलेली मिशी. गाडीतून उतरून दारापर्यंत जाईस्तोवर घामाने निथळले. शेजारचा गोरा लॉनला पाणी घालत होता. त्याने अदबीने मान लववली. मला जोर आला.

"मी हे असलं काही मानत नाही," असं म्हणतच काकांनी हात पुढे केला.

मी घसा खाकरून आवाज जाड केला. "डॉक्टरसाहेब, हाती कलेचं मोठं काम दिसतंय."

काका सावरून बसले. "यश येईल?"

"येईल. पण वाणीवर शनीची नजर आहे. जितकं कमी बोलाल, तितकं यश जास्त."

"समोर चुका दिसल्या तरी?"

"दिसल्या तरी. आणि एका मुलीला तुम्ही फार बोलता. तिच्यावरच नाटक तरणार आहे."

काका गंभीर झाले. इथेच उठायला हवं होतं. पण काकूंनी चहा आणला आणि मला मोह आवरला नाही. घामाने आधीच सैल झालेल्या मिशीला वाफ लागली, आणि तिचं एक टोक अलगद कपात उतरलं.

काकांनी चष्मा सावरून कपात पाहिलं. मग पेशंटला सांगावं तशा शांत आवाजात म्हणाले, "बुवा, डावी बाजू सुटली."

मला हसू आवरेना. त्यांनी मात्र चेहरा तसाच ठेवून विचारलं, "कमी बोला, हे शनीने सांगितलं की हिने?"

"दोघांनी!" काकू म्हणाल्या.

मग काका असे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला वाटलं, सुटले. पण ते ताडकन उठले. "आवाज झकास होता. चाल चुकली. धोतर नेसलेला माणूस असा चालतो होय? जा, पुन्हा दारातून ये!"

त्या दुपारी त्यांच्या हॉलमध्ये मी घामेजल्या धोतरात येरझाऱ्या घातल्या. त्यामुळेच प्रयोगात माझ्या एंट्रीलाच टाळ्या पडल्या. काका विंगेत उभे होते. "हळू चाल, हळू!" हे त्यांचं कुजबुजणं पहिल्या तीन रांगांना स्पष्ट ऐकू गेलं.