दस्तगीरनं बदललेले खटके

दस्तगीर गेल्याचं मला शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. घर त्याचं माझ्यापासून दहा मिनिटांवर, आणि मला मोबाइल सांगतोय! धावत कब्रस्तानाशी पोचलो तर माणसं परतत होती. माती द्यायलाही उशीरच... त्याला आता महिना झाला.

उद्यमनगरात आमचा छऱ्याच्या बंदुका बनवायचा लहानसा कारखाना होता. मालक मी, फिटर तो. चारचौघांत मला ‘मालक’ म्हणायचा, दोघंच असलो की ‘बाळ्या’. बंदुकीचं पॉलिश तो बघायचाच नाही. नळी बिजागरीवर खाली मोडून स्प्रिंग ताणायचा, कान देऊन ऐकायचा आणि म्हणायचा, “खरखरतीया. खोल परत.” त्याच्या ह्या ‘खोल परत’चा मला भारी राग यायचा.

एका दसऱ्याला मोठी ऑर्डर होती. ताणलेली स्प्रिंग अडवून धरणारा खटकाच मऊ निघाला. पोलादाला पाणी नीट बसलं नव्हतं. छर्रा भरताना हा खटका घसरला तर उघडी नळी फाडकन मिटते, आणि बोटं नेमकी तिथंच असतात. घसरलाच तर अडवायला दुसरी खीळ हवी, ती माझ्या डिझाइनमध्ये नव्हतीच.

“बाळ्या, माल थांबीव. बोटं जातील कुणाची तरी.”

“शंभर वेळा चालवून बघितलीस ना?”

“व्हय. आणि एकशे एकाव्या येळंला?”

मी माल पाठवला. मस्ती माझी, दुसरं काय! वडगावच्या एका मास्तरांचा अंगठा नळीत चेचला. दस्तगीर भांडलासुद्धा नाही. हत्यारांची पेटी उचलली आणि गेला. पुढं तो रस्त्यात दिसला की मीच बोळ बदलायचो. कारखाना बंद पडला, बायको गेली, मुलगी पुण्याला... घरात बोलायला भिंती उरल्या, तरी त्याच्या दाराकडं पाय वळला नाही. अकरा वर्षं!

परवा गेलो. वहिनींनी चहा दिला आणि पत्र्याचा एक डबा पुढं सरकवला. आत झिजलेले खटके होते, माझ्या कारखान्याचा शिक्का असलेले. वहिनींनी सांगितलं, त्या मालातली बंदूक कुणाकडं आहे असं कळलं की हा बाबा एसटीनं पार आजऱ्यापर्यंत जायचा आणि खटका बदलून द्यायचा. फुकट.

“लोकं इचारायची, मालकानं असला माल काढलाच कसा? तर म्हणायचे, मालकाची काय चूक न्हाय, फिटर मी हुतो, माझ्या हातनं ऱ्हायलं. मला बी त्येच सांगितलं. तुमच्या कारखान्याचं हाय, न्या तुमी.” मग म्हणाल्या, “भावजी, खरंच त्येंच्या हातनं झालतं का वो?”

चहा संपला तरी मी कप तोंडाला लावूनच बसलो होतो.

“नाही वहिनी. त्यानं सांगितलं होतं मला. माल मी पाठवला.”

 त्यांनी झाकण लावलं आणि डबा दोन्ही हातांनी आपल्याकडं ओढून घेतला.

“मग ह्ये हितंच ऱ्हाऊ दे.”