कुंपणापलीकडे गेलेल्या सुभद्राक्का

सुभद्राक्का गेल्याची बातमी आमच्या घरी लक्ष्मम्मानं आणली. ती शेजारच्या गावातून आमच्या कॉलनीत दूध घालते. त्या सकाळी ती भांडं खाली ठेवून पायरीवर बसली आणि "डाक्टरम्मा इल्ला" एवढंच म्हणाली. इल्ला म्हणजे नाहीत. मला वाटलं, इस्पितळात नाहीत, घरी सोडलं असेल. मग तिचा चेहरा पाहिला आणि... मीही तिच्याशेजारी पायरीवरच बसले.

दोनच दिवसांपूर्वी मी अक्कांना भेटून आले होते. शहरातल्या सरकारी इस्पितळात, जनरल वॉर्डात. हृदयाचा त्रास सुरू झाल्यावर त्यांचा भाऊ त्यांना जयनगरच्या आपल्या घराजवळ खाजगी नर्सिंग होममध्ये न्यायला निघाला होता. अक्कांनी ऐकलं नाही. मी गेले तेव्हा त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईचं पथ्य तिला समजावून सांगत होत्या. मग माझ्याकडे वळून, इथलं जेवणातलं सारू, म्हणजे आपलं सार, फार पाणचट असतं, बरी झाले की मोठ्या डॉक्टरांना सांगणार आहे, असं म्हणाल्या. निरोपाचं बोलणं म्हणावं असं दुसरं काही झालं नाही.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ह्यांना बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली आणि आम्ही पुणं सोडून इथे आलो. कॉलनीत काय नव्हतं! क्वार्टर्स, शाळा, नळाचं पाणी, कामगारांसाठी इस्पितळ. भोवती तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे नाचणीची शेतं व एक गाव. अक्का त्या इस्पितळात डॉक्टर होत्या. त्यांची कन्नड मिसळलेली मराठी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला हसू आवरेना. "स्वल्प बस, आलेच मी," असं काहीतरी बोलायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. वडील शहरातल्या चिकपेटेत शिंपीकाम करायचे. म्हैसूर संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मुलगी डॉक्टर झाली. वडील त्यांना सांगायचे की, तुला मी नाही शिकवलं, सारा भरणाऱ्या शेतकऱ्यांनी शिकवलं. हे वाक्य अक्कांनी मला कितीदा ऐकवलं असेल...

एका दुपारी गावातली बैलगाडी इस्पितळाच्या फाटकाशी येऊन थांबली. आत लक्ष्मम्मा कळा देत होती. मूल आडवं होतं, सुईणीनं हात टेकले होते. पहारेकऱ्यानं गाडी अडवली, कारण इस्पितळ कामगारांचं आणि त्यांच्या घरच्यांचं. लक्ष्मम्माचा नवरा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा. अक्कांना कळलं तशा त्या फाटकापर्यंत चालत आल्या, गाडीत चढून बसल्या आणि गाडीवानाला गाडी आत घ्यायला सांगितली. डॉक्टरच गाडीत म्हटल्यावर पहारेकरी तरी काय करणार? बाळ-बाळंतीण दोघंही वाचली.

वरिष्ठांनी अक्कांना बोलावून जाब विचारला. नियम मोडला हे त्यांनी कबूल केलं. पण त्या बाईला जायला दुसरं कुठलं दार होतं ते मला सांगा, असंही म्हणाल्या. त्या संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्या, तेव्हा ह्यांनी बजावलं, "आज एक आली, उद्या अख्खं गाव येईल."

"यायलाच हवं," अक्का म्हणाल्या. "पण माझ्या दयेवर नको. हक्कानं यायला हवं."

तेव्हापासून सुटीच्या दिवशी त्या शहरातली राज्य सरकारची कचेरी गाठू लागल्या. गावाला सरकारी दवाखाना हवा, हे एकच मागणं. तिथे सांगत की, तुमच्या शेजारीच एवढं मोठं इस्पितळ आहे, ते बघून घेतील. कारखान्यात सांगत की, आमचा पैसा दिल्लीहून येतो, गाव राज्य सरकारचं. दोन्ही सरकारंच, आणि मधे गाव तसंच उघडं. चिकपेटेतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या कानावर हे गेलं. त्यानं आपल्या आईच्या नावानं धर्मादाय दवाखाना बांधून द्यायची तयारी दाखवली. अक्कांनी हात जोडून नको म्हटलं. आम्ही सगळेच चक्रावलो. हे तर चिडलेच, चालून आलेलं का घालवता म्हणून.

अक्का म्हणाल्या, "दान देणाऱ्याचे पाय धरावे लागतात हो. सरकारशी भांडता येतं."

आणि त्या भांडल्या. गावकऱ्यांनी जागा दिली, अनेक खेटे घातल्यावर मंजुरी आली, दोन खोल्यांची कौलारू इमारत उभी राहिली. पण गावात राहायला डॉक्टर मिळेना. तेव्हा अक्कांनी कॉलनीतली नोकरी सोडली आणि कमी पगाराची ती जागा स्वतःच घेतली. बंगला गेला, दवाखान्यामागची छोटी खोली आली. भाऊ वर्षभर बोलत नव्हता.

तिथे सगळं सुरळीत झालं असं नाही. एका पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ आली. सलाइन मागवलं होतं, ते वेळेत पोचलं नाही, आणि एक लहान मुलगी गेली. मी गेले तेव्हा अक्का तिच्या आईजवळ बसल्या होत्या. मला पाहून एवढंच म्हणाल्या की, व्यापाऱ्याला हो म्हटलं असतं तर कदाचित... वाक्य तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं शहरात गेल्या आणि औषधांची पेटी गाडीत चढेपर्यंत अधिकाऱ्याच्या दारातून हलल्या नाहीत. त्यानंतर पुरवठा क्वचितच चुकला. पण त्या मुलीचं नाव निघालं की अक्का उठून औषधांचं कपाट तपासायला लागत.

त्यांना जाऊन काही आठवडे झाले. परवा धीर करून मी गावात गेले. दवाखान्याला कुलूप असेल अशी मनाची तयारी केली होती. बाहेर नेहमीसारखीच बायकांची रांग होती. आत अक्कांच्या खुर्चीवर सरकारनं नेमलेली एक तरुण डॉक्टरीण बसली होती, धारवाडकडची. तिनं अक्कांना कधी पाहिलेलंही नाही. मी नुसती बघायला गेले होते, पण बाकावर बसले आणि माझीही पाळी आली. काय होतंय, तिनं विचारलं. काय सांगणार... म्हटलं, हल्ली झोप लागत नाही. तिनं माझं मनगट हातात घेतलं, नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि दोन पुड्या बांधून दिल्या.

मी कॉलनीतली की गावातली, हे तिनं विचारलं नाही.