भलामोठा आ

पाणीपुरीच्या गाडीभोवती पुदिन्याचा ओला, हिरवा वास दरवळत होता. मालिकांतली एक प्रसिद्ध अभिनेत्री माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, तशी गर्दी आपोआप दुभंगली आणि गाडीवाल्याने आम्हा सर्वांना थांबवून पहिला द्रोण तिच्या हाती दिला. पाठोपाठ मोबाइलही उंचावले. द्रोणातली पुरी मऊ पडू लागली.

"अगं, इथे नको खाऊस," तिची मैत्रीण कुजबुजली. "उघड्या तोंडाचा फोटो गावभर फिरेल."

प्रसिद्धी सगळीकडे पहिला मान देते; चारचौघांत भूक लागण्याचा हक्क तेवढा काढून घेते. आणि पाणीपुरी काही लाजत, अर्धी तोडून खाता येत नाही. तिला अख्खे तोंड द्यावे लागते.

अभिनेत्रीने मोबाइलांकडे एकवार शांतपणे पाहिले.

"फिरू दे की!" म्हणाली, आणि मान मागे टाकून तिने भलामोठा आ वासला. चिंचेचे पाणी हनुवटीवरून मनगटापर्यंत ओघळले. तिखटाने लालबुंद झालेले नाकही तिने कोणापासून लपवले नाही. शेवटची पुरी संपताच तिने, आम्ही सगळ्याच करतो तसा, हक्काने हात पुढे केला.

"भैया, माझी सुकी पुरी?"