बर्फातही न गोठणारं तेल

गिरणी कामगाराची मुलगी सुगंधा घाडी जोगेश्वरीच्या एका प्रयोगशाळेत बावीस वर्षं खनिज तेल तपासत होती. जमिनीतून निघालेलं तेल गार झालं की त्यातलं मेण पाइपात साचतं आणि पाइप तुंबतो. ते मेण साचू न देणारं नवं रसायन घेऊन एक दिवस सुबोध नावाचा विक्रेता आला. तपासायचं तेलही त्यानेच डब्यात भरून आणलं होतं.

रसायन घातलेलं तेल बर्फात ठेवूनही पाण्यासारखं वाहिलं. साहेब खूश झाले. सुगंधाला मात्र पटेना. पहिल्याच फटक्यात इतकं झकास कधी होतं का?

"रसायन न घालता एकदा बघू या ना," ती म्हणाली.

"कशाला मॅडम? उगाच वेळ जाईल," सुबोध घाईघाईने म्हणाला. त्या घाईनेच तिचा संशय बळावला.

तिने डब्यातलं नुसतं तेल बर्फात ठेवलं. तासाभराने बाटली आडवी केली, तर तेही वाहिलं. तिने बाटली नाकाशी नेली.

"साहेब, यात रॉकेल मिसळलंय, म्हणून गोठत नाही."

सुबोध डबा उचलून चालता झाला.

"बरं झालं सुगंधाबाई, तुमचा कोणावरच विश्वास नसतो," साहेब म्हणाले.

हे कौतुक होतं की टोमणा, याचा विचार ती घरी पोचेपर्यंत करत राहिली.