सुरूच्या काडीचा सांधा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. घरात नाही, आणि लविनापाशी तर नाहीच.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो. गावाबाहेर विहिरीचं काम चाललं होतं, तिथल्या काळ्या चिखलात मला एक बारीक डहाळी आणि बोराएवढा शंकू मिळाला. काळे कुळकुळीत. धुतले मी, वाळवले मी. लविना नाचायचीच बाकी होती — मालवणात पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा जीवाश्म! आणि मग शिपायाकडून कळलं, पुण्याच्या परिषदेत ती यावर बोलणार. एकटीच्या नावावर. माझी मैत्रीण! डोक्यात तिडीक गेली. अजून जाते — खोटं कशाला सांगू?

आता सुरूचं सांगायला हवं. किनाऱ्यावरचा आपला सुरू दिसतो पाइनसारखा, पण त्या जातीचा नाही. त्याची काडी सांध्यासांध्यांची. लहानपणी लविना आणि मी ती सांध्यात मोडायचो, परत जुळवायचो आणि विचारायचो, कुठे मोडली ते ओळख. मी कधीच चुकले नाही.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तिने डहाळी भिंगाखाली ठेवली. सूचिपर्णी असेल तर पानांचे खवले एकावर एक चढत जाणार, सांधा नसणार.

"हयसर सांधो दिसता काय गो तुका?"

दिसला. स्वच्छ दिसला. शंकूवरच्या चोचीसारख्या उघड्या फटीसुद्धा — सुरूच्याच. विहिरीच्या काठावरच्या झाडावरून पडून चार पावसाळे चिखलात मुरलेला कचरा होता तो!

"नाय गो," मी म्हटलं. "खवलेच आसत."

रागाच्या भरात म्हटलं, असं म्हणू? तसं नव्हतं. त्या क्षणी मला — मजा वाटत होती.

पुण्यात भर सभेत एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी डहाळी चिमटीत धरली आणि सांध्यात टचकन मोडली. सगळे हसले. लविनाने परत जीवाश्माला हात लावला नाही. माझं नाव तिने गाळलं, ते मी विसरलेले नाही. पण विचारायला ती माझ्याकडेच आली होती ना?

परवा किनाऱ्यावर तिच्या लेकीने जुळवलेली काडी आईपुढे धरली. लविनाने ती हातातही घेतली नाही.

"मावशेक इचार," ती म्हणाली. "तिका बरोबर दिसता."

मी बोट ठेवलं. बरोबर सांध्यावर.