कळमेश्वरची मुनिया आणि माझी छत्री

माझ्या छत्रीवर अन्याय झाला आहे आणि तो नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फेब्रुवारी सरता सरता नागपूरचं ऊन डोक्यावर बैठक मारतं. त्यावर छत्री हाच सभ्य उपाय. तरी लेकीचा फोन आला, "बाबा, या खुशाल, पण छत्री आणू नका. मुनियाला अजून सवय नाही." आरोपपत्र नाही, सुनावणी नाही. मी घडीची छत्री पिशवीच्या तळाशी, पंच्याखाली ठेवली आणि निघालो.

मुनिया ही साडेतीन वर्षांची घोडी. माझी मुलगी ऋचा बँकेतली नोकरी सोडून कळमेश्वरच्या पुढे एका तबेल्यात अशी कोवळी घोडी स्वारीसाठी तयार करते. मारून नाही, विश्वासाने, असं ती म्हणते. रविवारी ती मुनियाच्या पाठीवर पहिल्यांदा बसणार होती. पंचवीस वर्षं वर्गात "सर, पाठांतर झालंय" हे ऐकल्यामुळे विश्वासाबद्दल माझं मत जरा राखीव आहे.

शनिवारी नागपूरच्या बर्डीवरून बस धरली. सकाळची धरा, उजव्या खिडकीला बसू नका, ऊन तिथेच येतं. काटोल नाक्यानंतर शहर सुटतं, कळमेश्वरजवळ कारखान्यांचे ट्रक भेटतात. तिथून शेअर ऑटो. तो भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा पोहे खाऊनच बसा. जाणाऱ्यांनी बंद बूट घालावेत. मी चपला घातल्या होत्या.

तबेल्यात रामाजी भेटले. चाळीस वर्षं वरातीच्या घोड्या सांभाळलेला माणूस. मुनिया इतकी शांत उभी होती की मला संशय आला. वरातीच्या घोड्यांना अफू देतात असं ऐकलं होतं, ते मी आडवळणाने विचारलं.

"घोडीले अफू कायले लागते गुरुजी," रामाजी म्हणाले. "ते वरातवाल्याइले लागते."

ऋचा काम दाखवत होती. लांब दोर म्होरकीला बांधून मुनियाला गोल फिरवायचं. बोट उचललं की तिने एक पाऊल मागे जायचं. गेली की दोर त्याच क्षणी सैल. तेवढीच शाबासकी. पाठीवर आधी पोतं, मग खोगीर, मग ऋचा त्यावर पोटावर आडवी पडून राहायची. मुनिया कान हलवत उभी. सगळं पाठ केल्यासारखं. मला वाटलं, ही ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरं आहेत. आमच्या न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, म्हणजे स्वतः पाहिलेलं, हे पहिलं प्रमाण.

ऋचा खाली उतरली, दोर हातात होता. मी कुंपणापाशी पिशवीतून छत्री काढली आणि बटण दाबलं.

मुनिया उभीच्या उभी उधळली. दोर ऋचाच्या तळहातातून सर्रकन निघून गेला. घोडी पार पलीकडच्या कुंपणाला जाऊन थरथरत राहिली. ऋचाने मूठ मिटून हात पाठीमागे नेला आणि म्हणाली, काही नाही. माझ्याकडे न बघता ती मुनियाकडे चालू लागली, हळूहळू, तिरकी.

"काहून केलं गा गुरुजी असं?" रामाजी म्हणाले. मग माझी दया येऊन असेल, "तरी बरं, दिवाळीसारखं खांद्यापाशी हासळीचं हाड नाई मोडलं पोरीचं."

दिवाळीत ऋचा घरी आली नव्हती. काम फार आहे, असं तिने कळवलं होतं.

जेवायला झुणका-भाकर होती, उत्तम. ऋचा चमच्याने जेवली.

रविवारची स्वारी रद्द झाली. दीड महिना मागे गेलो, एवढंच ऋचा म्हणाली. मग मला कुंपणात नेलं, मिटलेली छत्री जमिनीवर ठेवायला लावली, उलट्या घमेल्यावर बसवलं. मुनियाकडे पाठ. बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही, बोलवायचं नाही.

"किती वेळ?" मी विचारलं.

"ते ती ठरवेल, बाबा."

टक्कल तापलं, छत्री समोर पडलेली. बऱ्याच वेळाने मागे पावलं वाजली, थांबली, परत फिरली. पुन्हा आली. छत्री हुंगली. मग माझ्या मानेवर ओलसर, गरम श्वास. खिशात गूळ होता, हे नोंदवणं भाग आहे. पण तिने तो मागितला नाही. थोडं थांबून निघून गेली. ऋचा कुंपणाबाहेरून बघत होती. तिच्या हाताला हळदीचं फडकं बांधलेलं, आता उघडपणे.

संध्याकाळच्या बसने घरी आलो. छत्री खुंटीवर आहे. मुनियाचा विश्वास खरा की गुळाचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. जायचं असेल तर जरूर जा, रिकाम्या हाताने जा.

ऋचा घोडीवरून पडेल याची मला काळजी वाटते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ती पडेलच कधीतरी. पडल्यावर ती मला सांगणार नाही, याची मला काळजी वाटते.